फटफटीचं कूळ

आमच्या घरात 'जर्मन' हा शब्द रोज कानावर पडायचा, पण तो देशाचा नव्हता, भांड्यांचा होता. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. माय सांगायची, "आंबट काई जर्मनमधी ठिवू नका रे." जर्मनी नावाचा एक मुलूख आहे हे शाळेत कळलं. आणि ओसरीपुढं उभी असणारी, दुधाचे दोन जर्मनचे कॅन दोन्ही अंगांना लटकावून रोज पहाटे औरंगाबादला जाणारी दादांची राजदूत, तिचं कूळही त्याच मुलखात निघतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. फटफटीचं विचारायला हरकत नसावी. बीएमडब्ल्यू, एनएसयू अशा जुन्या जर्मन मोटारसायकली आज शौकिनांच्या संग्रहात दिसतात, त्यांचे फोटो निघतात. आमच्या मराठवाड्यातल्या रस्त्यावर जर्मन नावाची एकही गाडी मी लहानपणी पाहिली नाही. तरी दूधवाला, शाळामास्तर, सोसायटीचा सचिव, पाटलाचा थोरला पोरगा, ही माणसं ज्या गाड्यांवर बसून फिरत, त्यांतल्या कितीतरी गाड्यांचा आजा-पणजा जर्मनीतला होता. कुणी पोलंडमार्गे आली, कुणी चेकोस्लोव्हाकियामार्गे, कुणी जपानमार्गे. नाव बदललं, रंग बदलला, हाड तेच राहिलं. आणि हे हाड आमच्या भागात पुढं तीस-चाळीस वर्षं टिकलं ते गुलमंडीच्या आसपासच्या गल्ल्यांमधल्या मिस्त्री लोकांमुळं. गाड्यांच्या इतिहासात कारखानदारांची नावं येतात, नकाशे काढणाऱ्यांची येतात. या माणसांची येत नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी राजदूतचं सांगतो. १९६०च्या सुमारास परदेशी मोटारसायकल आणणं जवळपास बंदच होतं. परकीय चलन तोलून-मापून मिळायचं. म्हणून आपल्या कारखानदारांनी परदेशी कंपन्यांशी करार केले आणि त्यांचे नमुने इथं बनवायला घेतले. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं पोलंडची एस.एच.एल. एम-११ ही गाडी घेतली आणि तिचं नाव ठेवलं राजदूत. एंजिन १७३ सी.सी.चं, गिअर तीन. जुन्या राजदूतचा पुढचा काटा आजच्या गाड्यांसारखा नळीत नळी सरकणारा नव्हता. चाकाला दोन्ही बाजूंनी लांब दांडे धरलेले असत आणि ते खड्ड्यात वरखाली हालत. दिसायला ओबडधोबड, पण आमच्या पांदीला असलंच जनावर पाहिजे होतं. वेग म्हणाल तर बेताचा. ओझं मात्र बैलासारखं ओढायची.

दादांनी १९७८ साली ती जुनीच विकत घेतली. त्याआधी आमचं दूध सायकलवर फुलंब्रीच्या रस्त्यापर्यंत जायचं आणि तिथून एस.टी.च्या टपावर. एस.टी. चुकली की दूध नासायचं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी नासायचंच, आणि माय खवा आटवत बसायची. राजदूत आली तशी वेळ आमच्या हातात आली. पहाटे चारला धार, साडेचारला किक. चौक्याचा घाट उतरून हर्सूल, दिल्ली गेट, शहागंज, सिटी चौक आणि गुलमंडी. हॉटेलवाल्यांचा पहिला चहा आमच्या दुधाचा व्हायचा. त्या दुधावर माझं आणि बहिणीचं शिक्षण झालं, विहिरीला मोटार बसली. लोक मोटारसायकलला चैन म्हणतात. आमच्या घरात ती दुभत्या म्हशीच्या बरोबरीची होती, आणि पोळ्याला बैलांबरोबर तिलाही हळदकुंकू लागायचं.

गावात दुसरी गाडी गुरुजींची. ती जावा. मैसूरला रुस्तम इराणी यांनी आयडियल जावा नावाचा कारखाना काढला आणि १९६१ सालापासून चेक जावा तिथं तयार व्हायला लागली. १९७३ पासून तिचंच नाव येझदी झालं. अडीचशे सी.सी.चं एकाच सिलिंडरचं एंजिन, पण सायलेन्सर दोन, डावीउजवीकडं एकेक. तिच्या आवाजाला लय होती. एक किलोमीटरवरून पोरं ओळखायची की गुरुजी आले, आणि वर्ग शांत व्हायचा. तिची आणखी एक मजा म्हणजे किक आणि गिअर एकाच दांडीत. दांडी आत दाबून उभी केली की किक, पुढं पाडली की गिअर. गिअर बदलताना त्याच दांडीनं क्लचही सुटायचा, हात लावला नाही तरी चाले. चावी तर नावालाच. दात नसलेला खिळाच तो. एका जावाची चावी दुसऱ्या जावाला चालायची. गुरुजींची चावी हरवली की ते दारावरचा खिळा काढून न्यायचे.

या दोन्ही गाड्या दुखल्या-खुपल्या की एकच ठिकाण, गुलमंडी. दूध घालून झालं की दादा तिथं थांबायचे. शाळेला सुट्टी असली की मी मागं बसून जायचो.

गुलमंडी म्हणजे जुन्या शहराची बेंबी. एका अंगाला मछली खडक, जवळच रंगार गल्ली, खाली पैठण गेट आणि औरंगपुरा. मध्ये सुपारी मारुती. कपड्याची, सोन्याची, भांड्यांची दुकानं. लग्नाचा बस्ता असो की निवडणुकीची सभा, खेड्यातल्या माणसाला शहरात गेलो म्हणजे गुलमंडीला जाऊन आलो, एवढंच ठाऊक. समोरचा चेहरा हा असा व्यापारी. पण मागच्या गल्लीत वळलं की वास बदलायचा. अत्तर आणि कोऱ्या कापडाच्या वासाच्या जागी जळलेलं ऑइल, रॉकेल, गरम लोखंड.

तिथं सहा फूट रुंदीचं एक दुकान होतं. पाटी नव्हती. मालकाला सगळे चाचा म्हणत. चाचांचे आजोबा टांग्याच्या चाकांना धावा बसवायचे, वडील सायकली दुरुस्त करायचे, चाचा मोटारसायकलीवर आले. तीन पिढ्यांत चाक तेवढं कायम राहिलं. गाडी दुकानापुढं लावली की चाचा लगेच पान्याला हात घालत नसत. आधी दादांना चहा सांगायचे, मग म्हणायचे, "चालू करो मियाँ, पयले सुनेंगे." डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकायचे. मग दोन बोटं सायलेन्सरच्या तोंडावर धरायचे, धूर हुंगायचे आणि निदान सांगायचे. ते सहसा बरोबरच निघे. मला एकदा म्हणाले, "आवाज झूट नै बोलता बेटा. आदमी बोलता."

त्यांच्याजवळ बसून मला टू-स्ट्रोक एंजिन समजलं, ते पुढं कॉलेजातही तसं कुणी सांगितलं नाही. चाचा तीन बोटं दाखवायचे. पिस्टन, रॉड, क्रँक. एवढंच हलतं. बाकीच्या एंजिनांना झडपा असतात, त्या उघडायला-मिटायला वेगळी यंत्रणा असते. इथं झडप नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोकं आहेत. पिस्टन वर गेला की खालचं भोक उघडतं आणि पेट्रोल-हवा आत येते, खाली आला की वरची भोकं उघडतात, एकातून जळका धूर बाहेर आणि दुसऱ्यांतून ताजी हवा आत. ऑइलची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्येच वीस-पंचवीस भागाला एक भाग ऑइल मिसळायचं. ते पेट्रोलबरोबर आत जातं, बेअरिंगला वंगण देतं आणि शेवटी जळतं. म्हणून तो निळा धूर, म्हणून तो वास.

या साधेपणातच खेड्याचा फायदा होता. कमी भाग म्हणजे कमी मोडतोड. प्लग काळा झाला तर काढून चड्डीला पुसायचा. सायलेन्सर काजळीनं कोंदला की गाडी दमेकऱ्यासारखी चालायची. मग आतली जाळी ओढून काढायची आणि चुलीत घालायची. माय त्याच जाळावर भाकरी टाकायची आणि म्हणायची, "तुमच्या फटफटीनं माजी चूल बाटवली." पिस्टन ढिला झाला की सिलिंडर लेथवाल्याकडं. तो पाव मिलिमीटर बोअर मोठा करायचा आणि त्या मापाचा जाडा पिस्टन बसायचा. असं चार वेळा करता येई, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर. पाचव्या वेळी सिलिंडरला नवी स्लीव्ह. म्हणजे एक एंजिन चार-पाच जन्म घ्यायचं. ही सगळी कामं एका पान्याच्या जुडीवर आणि एका लेथवर होणारी होती.

आता हे यंत्र मुळात आलं कुठून, तिकडं वळतो.

जर्मनीच्या पूर्व भागात, सॅक्सनी प्रांतात, चोपाऊ नावाचं छोटं गाव आहे. तिथं यॉर्गेन स्काफ्ट रासमुसेन नावाच्या डॅनिश माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाना थाटला. आधी वाफेवरच्या मोटारीची खटपट केली, ती फसली, पण त्या वाफगाडीच्या जर्मन नावाची आद्याक्षरं राहिली, डी.के.डब्ल्यू. नंतर त्याच अक्षरांचा अर्थ लोकांनी 'छोटासा चमत्कार' असा लावला. छोटी, स्वस्त, टू-स्ट्रोक मोटारसायकल हे या कारखान्याचं बळ. १९२८ पर्यंत तो जगातला सर्वांत मोठा मोटारसायकल कारखाना झाला होता. त्याच सुमारास आडोल्फ श्नुर्ले या जर्मन एंजिनिअरनं ताजी हवा सिलिंडरमध्ये वळसा घेऊन फिरावी अशी भोकांची रचना शोधून काढली. त्यामुळं पिस्टनच्या डोक्यावरचा उंचवटा गेला, डोकं सपाट झालं, पेट्रोल कमी लागायला लागलं. डी.के.डब्ल्यू.नं ती रचना आपल्या गाड्यांत आणली. चाचा मला भिंतीतली जी भोकं दाखवत होते, त्यांची तिरकी ठेवण ही या श्नुर्लेची.

१९३९ साली हर्मन वेबर या एंजिनिअरच्या हाताखाली चोपाऊत एक गाडी तयार झाली, आर.टी. १२५. सव्वाशे सी.सी., तीन गिअर, वजनाला हलकी, कुणालाही उघडता-जोडता येईल अशी. मग युद्ध झालं. जर्मनी हरली. जिंकलेल्यांनी नुकसानभरपाई म्हणून कारखाने, यंत्रं आणि नकाशे उचलले. चोपाऊचा कारखाना रशियनांनी उपसून नेला, वेबरलाही नेलं, आणि तो १९४८ साली तिकडंच वारला. त्याची गाडी मात्र जगभर पसरली. रशियात ती मॉस्क्वा झाली. इंग्लंडात बी.एस.ए.नं १९४८ साली तिची बँटम केली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं तिच्यावरून सव्वाशे सी.सी.ची गाडी काढली. जपानात पियानो बनवणाऱ्या यामाहानं १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल वाय.ए.-१ काढली, ती याच आर.टी.वरून. तांबूस रंगामुळं जपानी लोक तिला लाल चतुर म्हणत. १९८५ पासून आपल्याकडं कॉलेजच्या पोरांना वेड लावणारी यामाहा आर.एक्स. १०० आली, तिच्या घराण्याचा पहिला पुरुष हा लाल चतुर, आणि त्याचा बाप चोपाऊचा.

पोलंडातही तेच झालं. युद्धानंतर तिथं ज्या छोट्या मोटारसायकली निघाल्या, त्यांचं एंजिन आर.टी. १२५ समोर ठेवून केलेलं होतं. एस.एच.एल.च्या गाड्या त्यांतल्याच. पुढं एंजिन वाढत गेलं, सांगाडा बदलला, पण ज्या कारखान्यानं आर.टी.वर हात बसवला, त्याच कारखान्याची एम-११ आपल्याकडं राजदूत होऊन आली. राजदूत म्हणजे आर.टी.ची हुबेहूब नक्कल असं मी म्हणत नाही. पण नातू आजोबासारखा दिसतो, तशी ती दिसते.

जावाचं तर नावच सांगतं. फ्रांतिशेक यानेचेक हा प्राग शहरातला शस्त्रं बनवणारा कारखानदार. लष्कराच्या मागण्या कमी झाल्यावर त्यानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून पाचशे सी.सी.च्या मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले. यानेचेकचा 'या' आणि वांडररचा 'वा', दोन्ही जोडून नाव झालं 'यावा'. लिहिताना जे अक्षर वापरलं ते इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या लोकांनी 'जा' वाचलं. म्हणजे आमचे गुरुजी रोज अर्धं जर्मन नाव टाकीवर घेऊन शाळेत येत होते. वांडररचं गाव केम्निट्झ. चोपाऊहून ते औरंगाबाद ते दौलताबाद एवढ्याच अंतरावर. आमच्या गावातल्या दोन्ही फटफट्यांची गोत्रं अशी एका शिवारात निघाली.

१९८०च्या दशकात एनफील्ड इंडियानं सिल्व्हर प्लस, एक्स्प्लोरर आणि फ्युरी या गाड्या काढल्या. त्या झुंडाप या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या नमुन्यावरच्या. मूळ कंपनी १९८४ साली बुडाली आणि इथल्या गाड्या तिच्या माघारी काही वर्षं चालत राहिल्या. फ्युरीला पुढं डिस्क ब्रेक होता. चाचा त्याला बोट लावून म्हणाले होते, "ये आगे चलके सब गाडियों में आएगा." आला.

आणखी एक योगायोग सांगतो. १९३२ साली मंदीच्या काळात चार जर्मन कंपन्या एक झाल्या, ऑडी, डी.के.डब्ल्यू., हॉर्ख आणि वांडररचा मोटारींचा विभाग. त्यांची खूण म्हणून चार कड्या एकमेकींत गुंफल्या. त्याच कड्या आज ऑडी मोटारीच्या नाकावर असतात. आणि ऑडी मोटारी भारतात जोडल्या जातात त्या आमच्याच शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत. २०१० साली शहरातल्या लोकांनी एकदमच दीडशे मर्सिडीज घेतल्या तेव्हा पेपरांत आलं की जर्मन गाड्या औरंगाबादला आल्या. मला वाटलं, आता कुठं? चार कड्यांतल्या दोन कड्या तर कधीच्याच चौक्याचा घाट चढून-उतरून दूध आणि मास्तर वाहत होत्या.

जर्मन नकाशे देशोदेशी गेले आणि प्रत्येक देशानं आपल्याला हवा तसा फेरफार केला, हा झाला मोठा इतिहास. त्याचीच छोटी आवृत्ती गुलमंडीच्या गल्लीत चालू होती. अस्सल सुटा भाग वेळेवर मिळायचा नाही, मिळाला तर परवडायचा नाही. मग चाचा दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवत. बुश पितळी सळईतून लेथवर काढून घेत. गॅस्केट जाड कागदातून कातरीनं कापत. क्लचला झिजलेल्या प्लेटांवर बुचाचे तुकडे डकवत. दुधाच्या कॅनसाठी आमच्या राजदूतच्या मागच्या सांगाड्याला त्यांनी लोखंडी पट्टीचे दोन आकडे डकवले आणि वजन पेलावं म्हणून खाली एक आडवी सळई वेल्ड केली. ती सळई चोपाऊच्या नकाशात नाही, पोलंडच्या नाही, फरिदाबादच्याही नाही. ती गुलमंडीची.

उतार कधी लागला? माझ्या मते १९८५ साली. त्या वर्षी हिरो होंडाची चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली. एका लिटरमध्ये कुठल्या कुठं जायची, धूर नाही, ऑइल मिसळायची कटकट नाही. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या भागातली पोरं मोटारसायकली दुरुस्त करण्याऐवजी त्या बनवायला जाऊ लागली. मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. धुराचे नियम कडक होत गेले तसा टू-स्ट्रोकचा बाजार उठला. पेट्रोल पंपावरचा ऑइलचा छोटा हातपंप गेला. राजदूती गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं गेल्या, तिथून भंगारवाल्याच्या तराजूत. किलोच्या भावानं. गुरुजींची जावाही तशीच गेली, ते रिटायर होऊन लेकाकडं गेले तेव्हा.

आमची राहिली, कारण दादांनी ती विकू दिली नाही. ते गेल्यावर मात्र प्रश्न आला. थोरले बंधू म्हणाले, "जागा अडवून बसलीय, देऊन टाकू." आणि तेव्हाच पुण्याचा एक शौकीन बघायला आला. हल्ली जुन्या राजदूत, येझदी, आर.एक्स. १००ला पुन्हा भाव आलाय. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले देशभर जमतात, रांगेनं गाड्या काढतात. गृहस्थ भला होता, माहितगार होता. त्यानं गाडी निरखून पाहिली आणि म्हणाला, "एंजिन नंबर, चासी नंबर जुळतात, फार छान. हे आकडे आणि ही सळई कापून टाकू, वेल्डिंग घासू, मूळ रंग देऊ. अगदी कारखान्यातून आल्यासारखी होईल." बंधू राजी होते. मी नाही म्हणालो.

त्याच्या म्हणण्याला कायद्याचा आधारही आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली, मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर वीस हजार रुपये फी, पुढं नूतनीकरणाला पाच हजार, आणि नंबरात 'व्ही.ए.' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठी पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. दुसरी वाट साध्या नोंदणीची. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नूतनीकरण करायचं. त्याची दुचाकीची फी २०२२ मध्ये तीनशेची हजार झाली. ही वाट कष्टाची आहे, पण गाडी रोजची राहते.

म्हणजे कायद्यापुढं दोन प्रकारची म्हातारपणं आहेत. एक देव्हाऱ्यातलं, एक चालतं-बोलतं. संग्रहातल्या गाडीचं मला वावडं नाही. मूळ रूप जपणारे लोक नसते तर मूळ काय होतं हे कळलंच नसतं. पण आमची राजदूत कारखान्यातून आल्यासारखी केली, तर कारखान्यातून आल्यानंतरची तिची सगळी वर्षं पुसली जातात. ते आकडे कापले की दूध जातं, एस.टी. चुकण्याची भीती जाते, चाचांचा हात जातो. उरते ती एक बिनआयुष्याची नवी गाडी. दादांनी तशी गाडी कधी पाहिलीच नव्हती.

म्हणून मी ती दुरुस्त केली, नवी केली नाही. एंजिन उघडलं. सिलिंडर पंचाहत्तरवर होता, एक जन्म शिल्लक. शंभरचा पिस्टन शोधायला दोन महिने लागले. शेवटी एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर, मेणकागदात गुंडाळलेला मिळाला. क्रँकची बेअरिंगं आणि सीलं नवी घातली. टू-स्ट्रोकला क्रँकचं सील फार महत्त्वाचं, तिथून हवा ओढली की एंजिन तापतं आणि पिस्टन धरतं. वायरिंग पूर्ण बदललं. स्पोक ताणून घेतले. टाकीचा गंज काढला, रंग मात्र टाकीपुरताच दिला. आकड्यांना आणि सळईला गंजरोधक लावून तसंच ठेवलं.

चाचा तेव्हा ऐंशीच्या घरात. डोळ्यांनी कमी दिसायचं. गल्लीत आता मोबाइलच्या काचा बदलणारी दुकानं आहेत, त्यांचं सहा फुटांचं दुकान नातवानं त्याच कामाला लावलंय. मी गाडी नेऊन उभी केली. खुर्ची बाहेर आणून त्यांना बसवलं. किक मारली. त्यांनी जुन्या सवयीनं मान तिरपी केली. मग हात पुढं करून चाचपडत कॅनच्या आकड्यापर्यंत गेले, वेल्डवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ये तो अपनाच है." थोड्या वेळानं, "टायमिंग जरा आगे है. बाल बराबर पीछे लो." मी पॉइंट सोडून केसभर मागं घेतलं. आवाज बसला. नातू हातातला मोबाइल बाजूला ठेवून बघत होता. त्यानं विचारलं, "दादाजान, दिखा तो नै आपको, कैसे समझा?" चाचांनी नुसता कानाला हात लावला.

नंतर मी आठ-दहा वेळा त्यांच्याकडं जाऊन बसलो. वही घेऊन. कुठल्या बुशाला किती मिलिमीटरचं पितळ, कुठल्या सालच्या राजदूतला कुठल्या दुसऱ्या गाडीची बेअरिंग चालते, जावाचा क्लच उघडताना कोणतं वॉशर उलटं बसलं की दांडी अडकते. सांगताना त्यांचे हात हवेत चालायचे आणि मी हात बघून लिहायचो. नातूही कधी कधी बसायचा. निम्मी वही भरली आणि चाचा गेले. उरलेली निम्मी कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

आता गाडी महिन्यातून दोन-तीनदा निघते. तिच्यावर बसायची रीत वेगळी आहे. पेट्रोल घालताना ऑइलची बाटली जवळ लागते, मापून आधी ऑइल आणि मग पेट्रोल. तीन गिअर म्हणजे घाई चालत नाही, एंजिनला जिथं वाटतं तिथं ती जाते. चौक्याचा घाट चढताना दुसऱ्यात धरून ठेवावी लागते आणि उतरताना एक गोष्ट सांभाळावी लागते. ऑइल पेट्रोलातूनच येतं, त्यामुळं उतारावर मूठ पूर्ण मिटून गाडी नुसती सोडली तर एंजिन फिरत राहतं आणि वंगण पोचत नाही. म्हणून मधूनमधून थोडी मूठ द्यायची. दादा द्यायचे, तेव्हा मला वाटायचं की रिकामे कॅन नसल्यानं सावध चालवतायत. कारण हे होतं. लांबच्या उतारावर मूठ देत राहिलं पाहिजे, नाहीतर यंत्र धरतं.

आमच्या शेजारच्या दोन गावांत गंजीमागं उभ्या असलेल्या तीन राजदूती आणि एक येझदी मी हेरून ठेवल्या आहेत. मालकांना एवढंच सांगतो की वजनावर घालू नका. आधी आर.सी. बुक शोधा, ते पेटीच्या तळाशी असतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि किक हळू फिरवून बघा. फिरली तर गाडी जिवंत आहे. नाही फिरली तर माझ्याकडं निम्मी वही आहे, आणि चाचांचा नातू परवा स्वतःहून विचारत होता की शंभरच्या पुढं स्लीव्ह घालणारा लेथवाला अजून कुणी उरलाय का. एक आहे. पैठण गेटच्या अलीकडं. त्याला घेऊन पुढच्या शुक्रवारी आम्ही येझदी बघायला जाणार आहोत.